ढवळीचं दुखणं

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठं तेही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, जरा त्या लिंबापर्यंत चालत जा आन् माघारी या." मी मूळची पाथरीची, परभणीच्या शाळेत नुकतीच लागलेली, शहरात ओळखीचं कुत्रं नाही. गेले बापडी त्या कडुलिंबापर्यंत आणि आले. त्यांनी माझ्या पायांकडं निरखून पाहिलं आणि मान डोलावली. "चाल बरी हाय. वरच्या खोलीचा जिना लय उभा हाय, लंगडं जनावर तिथं टिकत न्हाई. सामान कधी आणता?"

मला तोंडावर जनावर म्हणणारा तो पहिला माणूस. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तिथंच त्याची शाळा घेतली असती. पण आतून त्यांची बायको चहाचा कप घेऊन आली आणि हसत म्हणाली, "बस गं पोरी. माझ्या बापाच्या घरी मला बघायला आले तवा बी हेनी आधी दातच बघितले होते." म्हणजे काकूंनीही ही परीक्षा दिलेली होती. मी खोली घेतली.

ते निवृत्त पशुवैद्य होते. गल्लीत सगळे तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत आणि पाठीमागं ढोराचे डॉक्टर. त्यांना पाठीमागचंच नाव जास्त आवडायचं. "माणसांच्या डॉक्टरला पेशंट तोंडानं सांगतो कुठं दुखायलंय. त्यात काय अक्कल लागती?" असं ते म्हणत. निवृत्त झाले, पण स्टेथोस्कोप काही गळ्यातून उतरला नाही. आंघोळीला जाताना काढत असतील तेवढाच. आता तपासायला ढोरं नाहीत, मग जे सापडेल ते तपासायचं. पाण्याच्या मोटारीला लावायचे, फ्रिजला लावायचे. माझा मिक्सर एकदा बंद पडला तर त्याच्या बुडाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "ह्याला जुलाब झालेत." उघडून बघितलं तर आत खरंच चटणीचं पाणी झिरपलेलं होतं. आता बोला!

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी यायचंच. "जनावर खोटं बोलत न्हाई, बाई. मालक बोलतो." आणि मग बैलाची गोष्ट. मानवतच्या बाजूचा एक शेतकरी पोट फुगलेला बैल घेऊन आला होता. काय चारलं विचारलं तर म्हणे, कडबा. पुन्हा विचारलं तर पुन्हा कडबा, आईची शपथ कडबा. शेवटी बैलाच्या पोटातून काय निघालं? पुतणीच्या लग्नातली उरलेली बुंदी! "आजार शोधायचा असंल तर आधी मालकाला धरायचं. काय चारलं ते त्यालाच ठाऊक असतंय आन् तोच लपवतो." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की बुंदी म्हटलं की मला अजून तो बैल आठवतो.

आता ढवळीची ओळख करून देते. ढवळी म्हणजे त्यांची अँबॅसिडर. पांढरी, म्हणून ढवळी. नोकरी लागल्यावर जुनीच घेतलेली, आणि गावोगावी ढोरं तपासायला तिच्यातूनच हिंडलेले. घराच्या मागं जुना गोठा होता, पत्र्याचा. गाई कधीच गेल्या होत्या, त्या जागी ढवळी उभी. दगडी गव्हाण तशीच होती, तिच्यात पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ठेवलेले. मागच्या सीटवरून एकदा त्यांनी आजारी कालवड घरी आणली होती. तिचा वास अजून येतो, असं काकू म्हणत. मला तर येत नव्हता, पण काकूंच्या नाकापुढं कुणाची हिंमत.

ह्या ढवळीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नसे. पोराचाही नाही. तो पुण्याला नोकरीला गेला, तिथं स्वतःची गाडी घेतली, पण इकडं आला की बापाच्या शेजारीच बसायचा. काकूंचं माहेर वालूर. माहेरी जायचं तर डॉक्टरसाहेबांना सवड पाहिजे, ढवळीला मूड पाहिजे आणि हँडल मारून ती चालू व्हायला पाहिजे. सकाळी नऊवारी नेसून बसलेल्या काकू दुपारी पुन्हा साधं लुगडं नेसून भाकरी थापताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. एसटीनं जावं तर डॉक्टरसाहेब रुसायचे. "दारात गाडी असताना?" असं विचारायचे, वर तोंड करून!

दुसरी तऱ्हा म्हणजे देवाधर्माशी त्यांचं हाडवैर. दसऱ्याला सगळी गल्ली आपापल्या गाड्या धुवून झेंडूच्या माळा घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायची, नारळ फोडायची. आमचे डॉक्टरसाहेब त्या दिवशी गोठ्याचं दार लावून घ्यायचे, ढवळीला विटाळ होईल म्हणून! "कुंकवानं प्लग साफ होत असंल तर सांगा, मी बी लावतो." काकू पूजेचं ताट घेऊन दारापर्यंत जायच्या आणि तशाच परत यायच्या. शकील मिस्त्रीच्या स्कूटरला काळा दोरा बांधलेला होता, त्याचीही सुटका नव्हती. "काय शकील, दोरा सर्व्हिसिंगला कधी टाकतोस?"

हे असं चाललेलं असताना एक दिवस ढवळी घरी आली ती शकीलभाईच्या हातानं. शेजारच्या सीटवर डॉक्टरसाहेब, मांडीवर हात, चेहरा दगडासारखा. डोळ्यांच्या दवाखान्यातून येत होते. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, कडंचं दिसत नव्हतं. गाडी चालवायची नाही, असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं. त्या दिवशी स्टेथोस्कोप पहिल्यांदा खुंटीवर दिसला. मी उगीचच मिक्सर बिघडल्याचं सांगून पाहिलं, तर म्हणाले, "दुकानात दाखवा बाई."

पोराचा फोन आला. बाबा, आता गाडी विकून टाका. त्यानं गिऱ्हाईकही शोधलं होतं, जुन्या गाड्या जमवणारा कुणीतरी, नांदेडचा. येत्या सोमवारी येऊन घेऊन जाणार. डॉक्टरसाहेब हूं हूं करत ऐकत होते. काकू भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "मी चालवते."

फोनच्या त्या बाजूला पोरगं हसलं. ह्या बाजूला डॉक्टरसाहेब हसले नाहीत. काकूंनी ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर शिकून लायसन काढल्याचं तेव्हाच उघडं पडलं. मला ठाऊक होतं, कारण सकाळी त्या मंदिराला जाते म्हणून निघायच्या आणि मी खिडकीतून बघायची, तर मंदिर उजवीकडं आणि काकू डावीकडं. नवरा देव मानत नाही, त्यामुळं कुठल्या मंदिरात गेली होतीस हे विचारणारं घरात कुणी नव्हतं.

मग डॉक्टरसाहेब बोलले ते अगदी ठरवून. "रविवारी वालूरला तुझ्या भाच्याच्या लेकराचं बारसं हाय. ढवळी घेऊन तू वालूरला जायचं आन् यायचं. मी नुसता बसणार. जमलं तर गाडी राहील. न्हाई जमलं तर सोमवारी जाईल."

बाई, काय सांगू! काकूंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता ही म्हातारी गल्लीतून गरबा खेळत जाते की काय.

पण हँडल मारणं काही काकूंच्या खांद्याला झेपणारं नव्हतं. म्हणून डॉक्टरसाहेबांनी शकीलभाईला बोलावून ढवळीची सगळी वीज बदलायला सांगितली. जुना डायनामो गेला, अल्टरनेटर आला. नवी बॅटरी आली. ठिणगी पाडायचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. शकीलभाई म्हणजे बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. काम करता करता गल्लीभर ऐकू जाईल असं सांगत होता, "डॉक्टरसाब, आता भाभीनं नुसती चावी फिरवायची. गाडी गाणं म्हणंल, गाणं!" गुरुवारी संध्याकाळी काकूंनी चावी फिरवली आणि ढवळी एका दमात चालू झाली. ना धक्का, ना हँडल. शकीलभाईनं मिशीला ताव दिला. काकूंनी पदराला डोळे पुसले.

शुक्रवारी सकाळी काकू सरावाला निघाल्या. मागं मी, पुढं डॉक्टरसाहेब. चावी फिरवली, ढवळी चालू झाली, पण आवाज कालचा नव्हता. फट् फट्... फट्... मधेच एक ठोका गिळायची. अंगाला थरथर. रस्त्यावर पळताना कशीबशी ओढत होती, रेसवरचा पाय काढला की आचके द्यायची. पेडगावच्या बाजूला रेल्वेचं फाटक लागलं, नेमकं बंद. काकूंनी गाडी उभी केली. ढवळीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद. चालू केली, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. फाटक उघडलं. मागं ऊस भरलेला ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली, सगळ्यांचे हॉर्न. एक जण मान बाहेर काढून ओरडला, "ओ मावशी, गाडी हाय का म्हैस?"

आम्ही लोकांकडून ढकलून घेतली, कशीतरी घरी आणली. काकूंनी चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "विकून टाका. मला न्हाई जमायचं." आणि आत निघून गेल्या. एवढी तिखट बाई, पण आवाज पार पडलेला. डॉक्टरसाहेब दारातून म्हणाले, "तुझा दोष न्हाई त्यात. जनावर आजारी हाय."

मग त्यांनी खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शकीलभाई आला. बोनेट उघडलं. डॉक्टरसाहेबांनी इंजिनाला चहूकडून स्टेथोस्कोप लावला आणि निदान केलं, "चारा बदललाय. जनावराला एकदम नवा चारा टाकला की पोट बिघडतंच. थोडा जुना, थोडा नवा असं मिसळून द्यायला पाहिजे होतं."

"साब, बॅटरी हाय ती, कडबा न्हाई," शकीलभाई वैतागला. त्यानं आधी पेट्रोलला शिव्या घातल्या. मग कार्बोरेटर उतरवून धुतला. प्लग बदलले. नवीन अर्थिंगची वायर ओढली. ढवळीचा आपला तोच ठेका, फट् फट् आणि गप्प. शेवटी तो म्हणाला, किटच खराब आलंय, दुसरं मागवावं लागंल, मंगळवारपर्यंत येईल. मंगळवार! सोमवारी गिऱ्हाईक दारात. त्याची गायकी तिथंच बंद पडली.

ह्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट घडली, तिच्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. डॉक्टरसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात ओल्या खोबऱ्याचे तुकडे होते. बोलता बोलता एक माझ्या हातावर ठेवायचे, एक शकीलभाईच्या. आम्हीही खात होतो, विचार कोण करतंय. आणि आतून काकूंचा आवाज, "देव्हाऱ्यापुढचा ओटीचा नारळ कुठं गेला?" तर डॉक्टरसाहेब गंभीरपणानं म्हणाले, "घूस असंल. गोठ्याच्या मागं बीळ हाय मोठं." ढोरांचा डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर घूस नारळ नेते हे कुणालाही पटेल. काकूंनी बिळाच्या तोंडावर पाटा ठेवला.

शनिवारी दुपारी सगळे हात टेकून बसले होते. डॉक्टरसाहेब ढवळीत बसून तिला कसंतरी चालू ठेवत होते, पाय उचलला की मरणार म्हणून. पुण्याहून पोराचा व्हिडिओ कॉल आला, गिऱ्हाईक सोमवारी सकाळीच निघणार म्हणे. काकूंनी फोन गव्हाणीत उलटा ठेवला आणि कान दिला. "शकील, हा आवाज कशाचा? फोडणीत मोहरी तडतडल्यागत यायलाय बघ. बारीक."

आम्ही कान लावले. खरंच. चट चट चट. इंजिनाच्या फट्फटीत दबलेला.

शकीलभाईचे डोळे चमकले. "करंट भाएर पळायलाय कुठंतरी! भाभी, अंधारात दिसतंय ते, निळं निळं. रात्री येतो मी."

"रात्रीपर्यंत कोण बसणार?" काकू म्हणाल्या आणि आतून जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ घेऊन आल्या. उघड्या बोनेटवर ती पसरली आणि स्वतः खाली डोकं घातलं. मागोमाग शकीलभाईनं. मग मी तरी मागं कशाला राहू? आत गच्च काळोख, पेट्रोलचा वास, वाफ, आणि काकूंच्या केसांतलं तेल. बाहेरून गल्लीला काय दिसत असेल देव जाणे, भर दुपारी अँबॅसिडरच्या तोंडात तीन माणसं अर्धी गेलेली. कुणीतरी विचारलंही, "काय हरवलंय का?"

आणि मग दिसलं. प्लगच्या वायरी जिथून निघतात ती डिस्ट्रिब्युटरची टोपी, तिच्यावर निळ्या रेघा पळत होत्या. मधल्या वायरीपासून निघायच्या आणि चार बाजूंच्या चार वायरींकडं जायच्या. पण सरळ नाही. जरा सरळ जायच्या आणि काटकोनात वळायच्या. सगळ्या एकाच बाजूला. मी गणिताची बाई, मनातल्या मनात कोन मोजायला लागले.

"अगं बाई!" काळोखात काकूंचा आवाज. "हे तर स्वस्तिक हाय."

इंजिन बंद करायला लावलं. शकीलभाईनं वायरी उपटून टोपी उन्हात आणली. टोपी तांबूस तपकिरी, तिच्यावर वाळलेलं कुंकू, वायरींच्या जाळ्याखाली. म्हणून दोन दिवस कुणाच्या डोळ्याला दिसलं नाही. शकीलभाईनं बोट फिरवलं, चिकट लागलं. आणि त्या शहाण्यानं बोट चाटलं! "गोड हाय. नारळाचं पाणी हाय हे. नारळाच्या पाण्यात कुंकू कालवून लावलंय कुणीतरी, त्याच्यावरनंच करंट पळायलाय. अल्ला कसम मी न्हाई!"

त्याच्यावर संशय घ्यायला आम्हाला वेड लागलं होतं काय? मी तर लावलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "मला लावायचं असतं तर बोनेटवर लावलं असतं, चारचौघांत. असं चोरून आत कशाला लावू?" मग बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी बिळावर ठेवलेल्या पाट्याकडं पाहिलं. मी माझ्या हातातल्या खोबऱ्याच्या तुकड्याकडं पाहिलं. आणि आम्ही तिघांनीही एकदमच ढवळीकडं पाहिलं.

डॉक्टरसाहेब स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या पत्र्याकडं टक लावून बसले होते. जन्मात कधी पत्रा पाहिला नसल्यासारखे.

काकू गेल्या, खिडकीतून हात घालून त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, स्वतःच्या कानांत घातला आणि दुसरं टोक त्यांच्या छातीवर टेकवलं. "बोला मालक. जनावराला काय चारलं?"

"कडबा," ते म्हणाले.

शकीलभाई तर गव्हाणीवर बसून हसला. मीही हसले. काकू हसल्या नाहीत, टोक तसंच धरून उभ्या राहिल्या. मग डॉक्टरसाहेब हळूच बोलले, इतकं हळू की मला जवळ सरकावं लागलं.

"इतकी वर्षं मी चालवत होतो तवा मला कुणाची गरज वाटली न्हाई. आता तू चालवणार. मी बाजूला नुसता बसणार, आन् मला कडंचं दिसत न्हाई. एखादं ढोर आडवं आलं, एखादी गाडी घुसली, तर मला दिसायचंच न्हाई. म्हणलं, बघणारं कुणीतरी पाहिजे."

मला तर रडूच आलं, लपवू कशाला. गुरुवारी सगळीकडं निजानीज झाल्यावर हा माणूस देव्हाऱ्यापुढचा नारळ चोरून गोठ्यात आला असेल. आयुष्यभर ज्याची टिंगल केली ते हातानं केलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून झाकल्या जागी केलं. नेमकी ती जागा करंटची निघाली.

शेवटी शकीलभाईलाच राहवलं नाही. "पर साब, कॅपवर कोण लावतंय? बोनेटवर लावायचं होतं!"

"बोनेटवर गल्लीला दिसलं असतं," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"आन् स्वस्तिकाचे हात चारी वायरींपर्यंत कशाला नेले?"

"चार सिलेंडर हायत. एकाला दिलं, एकाला न्हाई, असं कसं चालंल?"

आता मात्र काकूंना हसू आवरेना. त्या वाकळीवर मट्कन बसल्या आणि पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता म्हणायच्या, "घूस! म्हणे घूस!" आणि पुन्हा सुरू. डॉक्टरसाहेबही हसायला लागले. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. चांगले होते. काकूंनीही लग्नाआधी तपासून घ्यायला हवे होते.

शकीलभाईनं टोपी आतून-बाहेरून लखलखीत पुसली, उन्हात वाळवली, बसवली. काकूंनी चावी फिरवली. ढवळी चालू झाली. काकूंनी पाय काढला. आम्ही सगळे श्वास धरून उभे. ना उचकी, ना आचका. एका लयीत, मऊ, सावकाश. डॉक्टरसाहेबांनी बोनेटला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले. "रवंथ करायलीय," ते म्हणाले.

रविवारी सकाळी काकू नऊवारी नेसून आल्या ते हातात पूजेचं ताट घेऊनच. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. त्यांनी बोनेटवर, भर गल्लीत, ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग त्याच बोटानं डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर टिळा ओढला. ते "अगं, अगं" करायला लागले, तर म्हणाल्या, "गप बसा. हितून करंट पळत न्हाई." तो टिळा लावून तो माणूस वालूरपर्यंत गेला. गल्ली बघतच राहिली.

मला मागच्या सीटवर बसवलं होतं. (कालवडीचा वास खरंच येतो. खोटं कशाला बोलू.) पेडगावचं फाटक पुन्हा बंद. काकूंनी गाडी उभी केली, पाय काढला. मागून एक टेम्पो येऊन थांबला. डॉक्टरसाहेबांचा उजवा हात सवयीनं उचलला गेला, स्टिअरिंगकडं निघाला, आणि मधूनच परत मांडीवर आला. त्यांनी डोळे मिटले. ढवळी चालूच होती. आगगाडी आली, धडधडत गेली, लांब गेली. तिचा आवाज विरला आणि त्याखालून ढवळीचा आवाज वर आला, जिथल्या तिथं.

"काय म्हणतीय?" काकूंनी समोर बघतच विचारलं.

"खुशाल हाय म्हणतीय. चल."

बारशात भाच्याच्या लेकराकडं कुणी बघेना. सगळं वालूर काकूंभोवती. आपल्या पायानं, आपल्या हातानं गाडी घेऊन आलेली लेक त्या घरानं पहिल्यांदाच पाहिली होती. डॉक्टरसाहेब टिळा मिरवत कोपऱ्यात बसून जो येईल त्याला बैलाची आणि बुंदीची गोष्ट सांगत होते. परत येताना त्यांनी मला माझा फोन मागितला, पोराला लावून दिला आणि एवढंच म्हणाले, "त्या नांदेडवाल्याला नको म्हणून सांग. आजारी नव्हती गाडी. मालकानंच बिघडवली होती."

त्यानंतर वर्षभरानं माझी बदली झाली. खोली सोडताना त्यांनी मला पुन्हा लिंबापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाले, "आली होती तशीच हाय. काही बिघाड न्हाई. जाऊ द्या."

अजूनही कधीमधी त्यांचा फोन येतो. कशा हायत, काय चाललंय, असलं काही नाही. उचलला की म्हणतात, "ऐका बाई," आणि फोन बोनेटवर ठेवतात. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ऐकते. एका लयीत, मऊ, सावकाश. पोरं बघत असतात, बाई कुणाशी बोलत नाहीत आणि हसतायत का. मागच्या महिन्यातच आला होता. ऐकत होते, तेवढ्यात तिकडून हॉर्न वाजला, दोनदा, चांगला जोरात, आणि काकूंचा आवाज आला, "बसता का न्हाई?"

"ठेवतो," डॉक्टरसाहेब घाईघाईनं म्हणाले. "ही मला सोडून जाईल."